व्हीपीएस घ्यायचाय? आधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा

रविवारी सकाळी ११ वाजता लातूरमध्ये चारेकशे पोरं मोबाईल हातात धरून बसलेली असतात. माझ्या मावसभावाची पोलीस भरतीची अकॅडमी आहे, दर रविवारी ऑनलाईन सराव पेपर असतो, १०० मार्क, ९० मिनिटं, खऱ्या परीक्षेसारखंच. ती वेबसाईट मी सांभाळतो. मी काही सर्व्हरवाला माणूस नाही बरं का, पुण्यात अकाउंट्सची नोकरी करतो, कॉलेजात असताना थोडं पीएचपी, म्हणजे वेबसाईटचं प्रोग्रॅमिंग, शिकलो होतो तेवढ्या भांडवलावर हे गळ्यात पडलं.

सुरुवातीला शेअर्ड होस्टिंगवर होतो, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट, तिसऱ्याच रविवारी साईट बसली. मग एका व्हिडिओखालची डिस्काउंटची लिंक बघून व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा तुकडा, भाड्याने घेतला, दोन वर्षांचे पैसे एकदम भरले, कारण तसं केलं की ७० टक्के सूट. सातव्या महिन्यात एका गुरुवारी सर्व्हर बंद. सपोर्टला तक्रारीचं तिकीट टाकलं, उत्तर नाही. फोन लागत नाही. दोन दिवसांनी कंपनीची स्वतःचीच वेबसाईट उघडायची बंद झाली. माझ्या लॅपटॉपवर १९ दिवसांपूर्वीचा बॅकअप होता, तोही चुकून राहिलेला, त्यावर कसंबसं उभं केलं. मधल्या दोन पेपरांचे निकाल गेले ते गेलेच, आणि दादाला पालकांचे फोन घ्यावे लागले ते वेगळंच.

त्यानंतर मी ही गोष्ट उलटीकडून बघायला लागलो. कुठला होस्ट (सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी) चांगला हे विचारायच्या आधी हा होस्ट उद्या गायब झाला तर मी किती तासात दुसरीकडे उभा राहीन हे विचारायचं. खालचं सगळं त्याच नजरेने लिहिलंय.

आधी हे सामान जमवा

- पॅन आणि आधार. भारतीय कंपनी असेल तर बहुतेक ठिकाणी केवायसी मागतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, त्यानुसार व्हीपीएस देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क पडताळून खातं बंद झाल्यावरही ५ वर्षं जपून ठेवायचं असतं. म्हणून मागितलं तर घाबरू नका, पण आधार द्यायचंच तर मास्क्ड, म्हणजे नंबर अर्धवट झाकलेलं, द्या.
- इंटरनॅशनल व्यवहार चालू असलेलं कार्ड. बँकेच्या ॲपमध्ये ते बहुतेक वेळा बंदच असतं, आधी चालू करा आणि लिमिट कमी ठेवा.
- जीएसटी नंबर असेल तर तो.
- एक ईमेल आयडी, पण ज्या डोमेनची (वेबसाईटच्या नावाची) साईट तिथे ठेवणार त्या डोमेनवरचा नको. हे वाचायला साधं वाटतं. सर्व्हर बंद पडला की त्यावरचा मेलही बंद पडतो, आणि पासवर्ड रिसेटची लिंक येणार कुठे तर त्याच बंद पडलेल्या मेलवर. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. साधा जीमेल वापरा.
- मोबाईलवर लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप, आणि त्याचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून.
- एसएसएच की, म्हणजे सर्व्हरमध्ये लांबून शिरायला पासवर्डऐवजी वापरायची फाईल. विंडोजच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) आता ती बनवता येते, वेगळं पुट्टी नावाचं सॉफ्टवेअर लागेलच असं नाही.
- एक वही. खरंच वही. कुठे काय घेतलं, कधी रिन्यू होतं, डोमेन कुणाकडे आहे. दादाला मी अशी वही दिलीय, मी नसलो तरी कुणालातरी कळलं पाहिजे.

१. तुम्हाला व्हीपीएस लागतो का, हे आधी ठरवा

पुण्यात नवीन आलेल्या पोराला जागा शोधायची असते तसंच आहे हे. शेअर्ड होस्टिंग म्हणजे कॉट बेसिस. स्वस्त, झाडूपोछा मालकीणबाईंचा, पण शेजारचा रात्रभर गाणी लावणार आणि तुम्ही काही बोलू शकत नाही. व्हीपीएस म्हणजे सोसायटीतला वन आरके. दार तुमचं, कुलूप तुमचं, आत काय करायचं ते करा, फक्त नळ गळला तर प्लंबरही तुम्हीच. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे स्वतःचा बंगला, तो आपला विषय नाही.

डॉक्टरांच्या क्लिनिकची चार पानी वेबसाईट, लग्नाचा हॉल, एखादा ब्लॉग, यांना व्हीपीएस नको. चांगलं शेअर्ड होस्टिंग घ्या आणि सुखाने झोपा. स्वतःचं ॲप चालवायचंय, एकाच वेळी बरेच लोक लॉगिन होणार आहेत, किंवा शेअर्डवर मिळत नाही असं काही बसवायचंय, तेव्हाच इकडे या.

आणि एक शब्द नीट बघा, मॅनेज्ड की अनमॅनेज्ड. अनमॅनेज्डमध्ये कंपनी मशीन आणि नेटवर्क चालू ठेवते, बस. आतली अपडेट, सुरक्षा, डेटाबेस, सगळं तुमच्या डोक्यावर. स्वस्तातले जवळजवळ सगळे व्हीपीएस अनमॅनेज्ड असतात. मॅनेज्डला दुप्पट तिप्पट पैसे पडतात पण घरात कुणालाच लिनक्स, म्हणजे सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टम, येत नसेल तर ते पैसे वाया जात नाहीत. फक्त "मॅनेज्ड" मध्ये नेमकं काय करणार ते लेखी विचारून घ्या, कारण काही ठिकाणी मॅनेज्ड म्हणजे फक्त माऊसने सर्व्हर चालवायचं पॅनल बसवून देतात.

२. गरज मोजा, अंदाजाने घेऊ नका

प्लॅनच्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात बँडविड्थ, म्हणजे महिन्याला किती डेटा जाऊ शकतो तो आकडा, असते आणि बहुतेकांना तीच सगळ्यात कमी लागते. आमचा हिशोब सांगतो. एका पोराचा एक पेपर म्हणजे साधारण ३ एमबी डेटा. ४०० पोरं, महिन्याला ४ रविवार, म्हणजे ४८०० एमबी, ५ जीबीसुद्धा नाही. आणि प्लॅनमध्ये १ टीबी फुकट! व्हिडिओ स्वतःच्या सर्व्हरवर ठेवत असाल तर गोष्ट वेगळी, पण ते कशाला ठेवता, यूट्यूबवर टाका.

आमचं खरं दुखणं वेगळं होतं. ११ वाजता सगळे एकदम "सुरू करा" दाबतात आणि साडेबाराला सगळे एकदम "सबमिट" दाबतात. आठवडाभर सर्व्हर रिकामा आणि रविवारी दोन वेळा दोन दोन मिनिटं यात्रा. तेव्हा महिन्याची सरासरी काढून काही कळत नाही, तुमची यात्रा कधी भरते आणि तेव्हा किती लोक असतात ते बघा.

१ जीबी रॅमवर आमचा डेटाबेस मधेच मरायचा. रॅम संपली की लिनक्स एखादा प्रोसेस स्वतःच मारून टाकतो आणि सगळ्यात जास्त रॅम खाणारा डेटाबेसच असतो, त्यामुळे नेमकी त्याचीच मान सापडते. आम्हाला शेवटी ४ जीबी रॅम आणि २ कोअर (प्रोसेसरचे भाग) पुरले. तुमचं तुम्ही मोजा, पण नवीन माणसाने डेटाबेसवालं काही चालवायचं असेल तर २ जीबीच्या खाली जाऊ नये असं माझं मत.

डिस्क एनव्हीएमई (सगळ्यात वेगवान) किंवा निदान एसएसडी. जुनी, हळू एचडीडी फक्त बॅकअप साठवायला.

कोअरच्या बाबतीत बर्स्टेबल हा शब्द दिसला तर थांबून वाचा. ॲमेझॉनच्या लाईटसेलमध्ये असं असतं, रोज थोडी क्षमता शिल्लक साठते आणि गरज पडली की ती वापरता येते, संपली की वेग खाली येतो. आमच्यासारख्या रविवारच्या यात्रेला हे उलट बरंच पडतं, दिवसभर सतत काम करणाऱ्या ॲपला मात्र त्रास.

३. सर्व्हर कुठल्या गावात आहे ते बघा

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन येऊन २५ हजार, म्हणजे काहीही केलं तरी १२५ मिलिसेकंद तिथेच गेले. प्रत्यक्षात केबल सरळ नसते, त्यामुळे २०० च्या आसपास लागतात. एकेका क्लिकला अशा चार पाच फेऱ्या होतात. कंपनीने कितीही "सुपरफास्ट" लिहिलं तरी हे अंतर काही कमी होत नाही.

तुमचे लोक महाराष्ट्रात असतील तर मुंबई घ्या, नाहीतर बंगळुरू. लिनोडचं, जे २०२२ मध्ये अकामाईने विकत घेतलं, मुंबईत डेटा सेंटर आहे. व्हल्टरचंही मुंबईत आहे, ॲमेझॉनचं मुंबई २०१६ पासून आहे, डिजिटलओशन बंगळुरूला आहे. हेट्झनर फार स्वस्त पडतं म्हणून सगळे सुचवतात, पण त्यांची ठिकाणं जर्मनी, फिनलंड, अमेरिका आणि सिंगापूर. तिथे सर्व्हर ठेवून लातूरच्या पोरांना पेपर द्यायला लावायचं म्हणजे उगाच वळसा. हां, पण तुम्ही न्यू जर्सीच्या मराठी मंडळाची वेबसाईट चालवत असाल तर मुंबईत ठेवायचं काहीच कारण नाही, तिकडचंच घ्या.

नुसतं "इंडिया" लिहिलेलं चालत नाही, शहर विचारा. बऱ्याच कंपन्या चाचणीसाठी एक आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) देतात, त्याला पिंग मारून, म्हणजे उत्तर किती वेळात येतं ते मोजून, बघा. घरच्या वायफायवरून एकदा, मग मोबाईलच्या जिओवरून, मग कुणाच्या तरी एअरटेलवरून, आणि गावाकडे बीएसएनएल वापरणारा कुणी असेल तर त्यालाही सांगा. रात्री ९ ला परत. कधीकधी आपल्याच देशातला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना सिंगापूरला फिरून येतो. अशा वेळी मुंबईतला सर्व्हर एका नेटवर्कवरून ५ मिलिसेकंदात आणि दुसऱ्यावरून ७० ला उत्तर देतो. एमटीआर नावाचं टूल हा सगळा रस्ता स्टेशन स्टेशन करून दाखवतं.

४. काळीपिवळीत किती माणसं कोंबलीत ते ओळखा

आमच्याकडे काळीपिवळी जीप असते, नऊची सीट, बसतात सोळा आणि दोघं मागे लटकलेले. स्वस्त व्हीपीएसचं गणित हेच आहे. एका मोठ्या मशीनचे तुकडे करून विकायचे, आणि सगळे काही एकदम पूर्ण वापरत नाहीत या हिशोबावर असतील त्यापेक्षा जास्त तुकडे विकायचे. थोडंफार सगळेच करतात. किती करतात त्यावर सगळं.

पहिलं, तंत्र कुठलं ते विचारा. केव्हीएम म्हणाले तर ठीक, त्यात तुम्हाला स्वतःचा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, मिळतो. ओपनव्हीझेड म्हणाले तर मी घेणार नाही, त्यात सगळ्यांचा कर्नल एकच असतो, डॉकरसारख्या (ॲप डब्यात बंद करून चालवायच्या) गोष्टी चालवताना अडतं, आणि रॅम कागदावरच वाटून टाकणं फार सोपं जातं.

दुसरं, घेतल्यावर टर्मिनलमध्ये टॉप ही कमांड चालवा. वरती सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी असं दिसेल. ही आपली लालपरी नाही, हा स्टील टाइम. तुमच्या सर्व्हरला काम करायचं होतं पण खालच्या मशीनने त्याला सीपीयू दिलाच नाही, तो वेळ. शून्य ते एक दोन टक्के असेल तर चालतंय. तासन् तास दहाच्या वर असेल तर जीप भरलीय, उतरा. माझ्या त्या गायब झालेल्या होस्टवर रविवारी हा आकडा ३० च्या वर जायचा आणि मी मूर्खासारखा माझ्याच कोडमध्ये चूक शोधत रात्री घालवल्या.

५. कंपनीची कुंडली बघा

पत्रिका न बघता लग्न करा एक वेळ, पण हे करू नका.

डोमेन किती जुनं आहे ते हूइज या डोमेनच्या नोंदवहीत दिसतं. "१५ वर्षांचा अनुभव" आणि डोमेन मागच्या वर्षीचं, असं असेल तर पुढे वाचूच नका. कंपनी भारतीय असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव शोधा, नोंदणी कधीची ते कळतं. ते स्वतःची मशीन वापरतात की दुसऱ्याकडून घेऊन विकतात हेही विचारा. रिसेलर असणं हा गुन्हा नाही, पण वरच्याचे पैसे त्याने थकवले तर तुमची साईट बंद होणार, आणि तुमचा वरच्याशी काही करार नसतो.

स्टेटस पेज, म्हणजे सेवा चालू की बंद ते दाखवणारं पान, उघडा. तिथे जुने बिघाड लिहिलेले असले पाहिजेत. दोन वर्षांत एकही बिघाड नाही असं दाखवणारं स्टेटस पेज बघितलं की मला जास्त भीती वाटते. बिघाड सगळ्यांकडे होतात, जो तारीख वेळ कारण लिहून ठेवतो तो निदान खोटं बोलत नाही.

९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे सर्व्हर चालू राहायची हमी, ऐकायला भारी वाटतं. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटं बंद राहिलं तरी कंपनीने शब्द पाळला. ९९.९९ असेल तर सव्वाचार मिनिटं. आमचा पेपर ९० मिनिटांचा, म्हणजे ४३ मिनिटं रविवारी ११ लाच गेली तर अर्धा पेपर गेला, आणि कागदोपत्री सगळं व्यवस्थित. त्यात शब्द मोडला तरी भरपाई काय, तर पुढच्या बिलात थोडं क्रेडिट. तुमचं नुकसान कुणी भरून देत नाही, नियम आणि अटींमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं, ते एक पान तरी वाचा.

रिव्ह्यूंचं सांगायचं तर "टॉप १० व्हीपीएस" वाल्या याद्या बहुतेक कमिशनच्या असतात, लिंकवर माऊस नेलात तर लांबलचक कोड दिसेल. पाच स्टारवाले सोडा, एक स्टारवाले पण अर्धे रागातले असतात. तीन स्टारवाले वाचा, ती माणसं सहसा खरं बोलतात.

सपोर्टची परीक्षा पैसे भरायच्या आधी घ्या. शनिवारी रात्री ११ ला एक नेमका प्रश्न पाठवा. मी हा विचारतो: "तुमचे बॅकअप सर्व्हर ज्या इमारतीत आहे त्याच इमारतीत असतात का?" उत्तर किती वेळात आलं ते बघा, आणि उत्तर आलं की प्लॅनची लिंक आली तेही बघा. हा प्रश्न मी उगाच नाही विचारत. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या युरोपातल्या नावाजलेल्या कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर आगीत जळून गेलं. कंपनी काही गल्लीतली नव्हती. तरी कितीतरी ग्राहकांना त्या दिवशी कळलं की आपला बॅकअप पण तिथेच होता.

६. पैशाचा हिशोब, हा माझा प्रांत

प्लॅनवर ६ डॉलर लिहिलंय म्हणून ६ डॉलर जात नाहीत. डॉलर ८५ रुपये धरला तर ५१० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ६०२. तुमच्या कार्डावर परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप असेल तर ६२३ च्या आसपास. डिजिटलओशनवर आठवड्याचे बॅकअप चालू केले की प्लॅनच्या २० टक्के आणखी. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाला अर्धा सेंट लावलाय, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर जातात नुसत्या पत्त्याचे. म्हणून तुलना करताना सगळं मिळून महिन्याला किती रुपये जातील ते लिहा, मगच दोन कंपन्या शेजारी ठेवा.

मोठी सूट बहुतेक पहिल्या मुदतीपुरती असते. रिन्यूअलची किंमत बारीक अक्षरात कुठेतरी असतेच, ती शोधा. आणि दोन तीन वर्षांचे पैसे एकदम भरू नका. मी भरले होते, सतरा महिन्यांचे बुडाले. महिन्याचं थोडं महाग पडतं, ते निघून जायच्या स्वातंत्र्याचं भाडं समजा. तासावर बिल करणारे असतील तर अजूनच उत्तम.

ऑटो पेमेंटवर विसंबून राहू नका. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे, नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले तेव्हा परदेशी कंपन्यांची किती तरी ऑटो डेबिट अडकली होती. आता मँडेट नोंदवलेलं असेल तर १५ हजारापर्यंत ओटीपीशिवाय कापलं जातं आणि कापायच्या किमान २४ तास आधी बँक कळवते, पण सगळ्याच कंपन्या आणि सगळ्याच बँका एकमेकांशी जुळतात असं नाही. पैसे गेले नाहीत तर आधी सर्व्हर थांबवतात, मग काही दिवसांनी पुसून टाकतात. किती दिवसांनी, ते आत्ताच अटींमध्ये शोधून वहीत लिहा. काही ठिकाणी आगाऊ क्रेडिट भरून ठेवता येतं, मी दोन महिन्यांचं ठेवतो.

अजून एक खड्डा. सर्व्हर "बंद" केला म्हणजे बिल थांबलं असं नाही. डिजिटलओशन, लिनोड, व्हल्टर या सगळ्यांकडे बंद ठेवलेल्या सर्व्हरचेही पैसे लागतात, कारण डिस्क आणि पत्ता तुमच्या नावावर अडकलेला असतो. डिलीट केल्यावरच मीटर थांबतो.

७. चार दिवस झोडपून बघा

तासावर मिळणारा एक छोटा सर्व्हर घ्या आणि खरी साईट लगेच हलवू नका. त्यावर तुमच्या साईटची एक प्रत टाका. मग:

- सकाळी, दुपारी, रात्री टॉपमधला एसटी बघा.
- एफआयओ नावाच्या टूलने डिस्कचा वेग मोजा, पाच मिनिटं पुरे. दिवसभर चालवलंत तर कंपनीच तुम्हाला गैरवापर म्हणून बंद करेल.
- ओळखीतल्या वीस पंचवीस जणांना एकाच मिनिटाला लॉगिन व्हायला सांगा. आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर "तीन दोन एक" म्हणून केलं होतं, हसू येईल पण दोन चुका त्यातच सापडल्या.
- स्नॅपशॉट, म्हणजे अख्ख्या सर्व्हरची प्रत, घ्या, सर्व्हर डिलीट करा, स्नॅपशॉटवरून परत उभा करा. घड्याळ लावून. हे नीट झालं नाही तर बाकी सगळं विसरा.
- ब्राउझरमधून कन्सोल, म्हणजे सर्व्हरची थेट स्क्रीन, उघडतो का बघा. फायरवॉलमध्ये (कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या नियमांत) चूक करून तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडून घेणार आहात, सगळे घेतात, तेव्हा आत जायची ती एकच खिडकी असते.
- मिळालेला आयपी ब्लॅकलिस्टमध्ये (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत) आहे का तपासा. आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवलेलं असतं आणि पोलीस जणू तुमच्या दारात. खराब निघाला तर सर्व्हर डिलीट करून नवीन घ्या, दुसरा पत्ता मिळतो.

मेलचं वेगळं सांगतो कारण त्यात माझे दोन रविवार गेले. निकालाचे मेल जातच नव्हते, एरर पण नीट येत नव्हती. नंतर कळलं की बहुतेक मोठ्या कंपन्या स्पॅमच्या भीतीने पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, बंदच ठेवतात, निदान नवीन खात्यांना. त्यांच्याशी भांडू नका. मेल पाठवायची वेगळी सेवा घ्या आणि तिच्यामार्फत पाठवा, पोचण्याची शक्यताही जास्त असते.

८. घेतला, आता पहिल्याच तासात

सर्व्हर चालू झाल्यावर काही मिनिटांतच लॉगमध्ये कुठल्या कुठल्या देशांतून पासवर्डचे अंदाज मारणं सुरू झालेलं दिसेल. तुमच्यावर कुणाचा राग नाही, बॉट सगळ्यांचंच दार वाजवत फिरतात. म्हणून सगळ्यात आधी अपडेट. मग वेगळा यूझर, एसएसएच की, आणि की चालतेय याची दुसऱ्या खिडकीतून खात्री केल्यावर पासवर्डने लॉगिन बंद. फायरवॉल चालू करायच्या आधी एसएसएचला परवानगी द्या. साईटला कुलूप लावणारं एसएसएल सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं, मुदत ९० दिवसांची असते म्हणून आपोआप रिन्यू होतंय ना ते एकदा तपासा.

ऑपरेटिंग सिस्टम लांब मुदतीची घ्या, उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. जुन्या लेखांत सेंटओएस ८ सांगितलेलं दिसेल, ते २०२१ अखेरच बंद झालंय, तसले लेख बंद करा.

९. निघायची तालीम

डोमेन होस्टकडून घेऊ नका. "एक वर्ष डोमेन फुकट" असतं ना, ते नको. होस्ट बुडाला तर सर्व्हर दुसरीकडे घेता येतो, डोमेन अडकलं तर तुमचं नावच गेलं. डोमेन एकाकडे, सर्व्हर दुसऱ्याकडे, बॅकअप तिसऱ्याकडे. आमचा डेटाबेस रोज रात्री दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर जातो आणि रविवारी पेपर संपल्यावर एक प्रत दादाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. त्याला त्यातलं काही कळत नाही, पण फाईलची तारीख आजची आहे का एवढं तो बघतो आणि मला अंगठा पाठवतो.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या आयपीवर जातं त्या नोंदीत, टीटीएल (ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची) ३०० सेकंद ठेवा, म्हणजे ५ मिनिटं. जास्त ठेवलंत तर सर्व्हर बदलल्यावरही पोरं जुन्याच पत्त्यावर जात राहतात.

आणि तीन महिन्यांतून एकदा नवीन कोरा सर्व्हर घ्या, दुसऱ्याच कंपनीकडे घेतलात तर अजून बरं, आणि फक्त बॅकअपवरून साईट उभी करून बघा. पहिल्यांदा मला सहा तास लागले, कारण सेटिंगची एक फाईल बॅकअपमध्ये नव्हतीच. आता पाऊण तासात होतं. खर्च येतो काही रुपयांचा.

खरंच हलायची वेळ आली तर जुना सर्व्हर लगेच पाडू नका. आठवडाभर चालू ठेवा, त्याच्या लॉगमध्ये कुणी येतंय का बघत राहा, शांत झाला की मग डिलीट करा. नंतर खात्यात परत जाऊन उरलेले स्नॅपशॉट, जास्तीची डिस्क, राखून ठेवलेला आयपी, हे पण काढा. माझा एक जुना स्नॅपशॉट तसाच राहिला होता, अकरा महिने कार्डावरून चाळीस चाळीस रुपये जात होते आणि अकाउंट्समधल्या माणसाला ते दिसलं नाही. पुढच्या महिन्याचं बिल शून्य आलं की मगच कार्ड काढून टाका आणि वहीत त्या नावावर रेघ मारा.